गळपिळ्याचा मान

असोद्याची जमीन अशी, की वाळकी काठी रोवून विसरलं तरी तिला पान फुटावं. अशा मातीत माणसाला मान मिळवायला फार काही करावं लागत नाही. केळीचा घड वजनाला उतरला, भरताची वांगी जळगावच्या बाजारात नावाने विकली गेली, की पारावर चार माणसं सरकून जागा देतात. पण त्यासाठी पाठ वाकवावी लागते, पायात चिखल घ्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे थांबावं लागतं. चुडामणला यातलं एकही जमणारं नव्हतं. त्याला अंगाला माती न लावता मान हवा होता. तो त्याने मिळवला, भोगला, आणि कसा भोगला हेच सांगण्यासारखं आहे.

चुडामण आणि जीवराम हे सख्खे भाऊ. बागायत दोघांत सामाईक. जीवराम धाकटा, पण कष्टाने मोठा. केळीच्या खोडाशी तो असा बसायचा, जसं कोणी आजारी माणसाच्या उशाशी बसावं. चुडामणला मात्र केळीच्या बागेत गेलं की दोन गोष्टी सुचत, सावली कुठे आहे आणि घरी कधी जायचं. ऐंशीच्या सुमाराला दीपनगरला वीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं. ठेकेदारांना माणसं हवी होती. चुडामण तिकडे गेला, आणि शेतावरून सुटलो म्हणून बसच्या खिडकीतून गावाकडे पाहून हसला, असं त्याच बसमध्ये बसलेले लोक सांगतात.

तिथे त्याला विश्रामगृहावर काम मिळालं. पाहुण्या साहेबांना चहा न्यायचा, बूट पुसायचे, बादली भरून ठेवायची. गावात मात्र त्याने सांगितलं, "साहेबांच्या खास मर्जीतला हाये." मर्जी कसली? एक साहेब अधूनमधून मुक्कामाला येई, सकाळी आरशापुढे उभा राहून टाय बांधी, आणि चुडामण मागे पुसलेले बूट हातात धरून उभा राही. साहेबाने त्याच्याकडे कधी वळूनसुद्धा पाहिलं नाही. चुडामणनेच आरशात पाहिलं. साहेबाची बोटं कुठून कुठे जातात, कोणतं टोक वर येतं, कोणतं आत शिरतं, ते बघून घेतलं. मग खोलीवर येऊन आरशासमोर उभा राहिला आणि बेबाबाईच्या, म्हणजे तिथे सोबत राहणाऱ्या त्याच्या बायकोच्या, जुन्या लुगड्याचा काठ फाडून स्वतःच्या गळ्यात तेच करू लागला. बेबाबाईला आधी भीती वाटली. नवरा गळ्यात काठ घालून आरशात बघतो आहे म्हटल्यावर कोणत्या बायकोला वाटणार नाही?

"आहो, काय झालं? कोन काय बोललं तुमाले?"

"चूप बस. शिकू राह्यलो."

शिकला तो. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. एक अख्खा उन्हाळा घालवून तो एक गाठ शिकला. ज्या उन्हाळ्यात जीवरामने नवी बाग उभी केली, त्याच उन्हाळ्यात. पण शिकला ती आरशात, आणि स्वतःच्या गळ्यावर. दुसऱ्याच्या गळ्याशी त्या गाठीची ओळखच नव्हती. हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक होऊ नये, यावर त्याने पुढचं आयुष्य काढलं.

ठेकेदाराचं काम संपलं आणि चुडामण गावी परत आला. येताना त्याने काही आणलं नाही, फक्त चालणं बदलून आणलं. दोन्ही हात मागे बांधून, पोट पुढे काढून तो गल्लीतून जायचा. लोक विचारत, "काय चुडामणभाऊ, काय शिकून आले?" तो म्हणे, "येईन वेळ तवा दाखवीन."

वेळ आली ती छगनच्या थोरल्या मुलीच्या लग्नात.

आमच्याकडे लग्न मुलीच्या गावी लागतं. वऱ्हाड आलं की नवरदेवाला मारुतीच्या पारावर नेतात. तिथे मुलीकडचे लोक त्याला पोशाख देतात, तिथेच अंगावर चढवतात, आणि मग तो घोड्यावर बसतो. पूर्वी पोशाख म्हणजे पायजमा, नेहरू शर्ट आणि पांढरी टोपी. कोणालाही घालता येई, कोणालाही घातलेला शोभे. पण त्या वर्षी छगनने जळगावहून सूट शिवून आणला होता. जावई शाळामास्तर, म्हणून त्याला सूट. कोट चढला, पँट चढली, आणि खोक्याच्या तळाशी घडी केलेला लाल टाय निघाला. सगळे त्याच्याकडे असे बघू लागले, जसं विहिरीच्या गाळात काहीतरी लांबुळकं वळवळताना दिसावं.

मास्तरलाही बांधता येत नव्हता. एकाने चाऱ्याच्या पेंढीसारखा आवळून पाहिला, दुसऱ्याने बैलाच्या दाव्याची गाठ मारली, आणि मास्तरचे डोळे बाहेर आले. वाजंत्री थांबली. घोडा लीद टाकून मोकळा झाला. छगनचा चेहरा कांद्याच्या सालीसारखा झाला. तेव्हा गर्दीतून चुडामण पुढे आला, दोन्ही हात मागे बांधून.

"सरका. आन आडोसा धरा."

"आडोसा कायले?"

"विद्या हाये. साऱ्यांच्या डोयांदेखत नाई करत."

दोन माणसांनी धोतर ताणून धरलं, तोंड दुसरीकडे करून. मास्तरला त्याने डोळे मिटायला आणि मान खाली घालायला लावली. धोतराच्या आड त्याने काय केलं? टाय आधी स्वतःच्या गळ्यात घातला, स्वतःच्या गळ्यावर बांधला, सैल करून डोक्यावरून काढला, आणि मास्तरच्या डोक्यावरून खाली घालून आवळला. धोतर खाली आलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. मास्तरचा टाय बेंबीच्या खूप वरच थांबला होता, कारण चुडामण बुटका आणि मानेने रेड्यासारखा जाड. पण टाय किती लांब असावा हे कोणाला माहीत होतं? छगनने तिथल्या तिथे नारळ आणि टॉवेल-टोपी दिली. आमच्या गावाला एवढंच पुरतं. एकदा कोणाला टॉवेल-टोपी दिली की तो मान होतो, आणि मान झाला की तो मोडायची छाती कोणाची होत नाही.

त्यानंतर सुटाबुटाची साथच आली. ज्याच्या घरात कपाट नाही तोही जावयाला सूट देऊ लागला. आणि प्रत्येक सुटासोबत टाय, प्रत्येक टायसोबत चुडामण. पहिल्या वर्षी तो बोलावल्यावर यायचा. दुसऱ्या वर्षी घरी येऊन कुंकू लावून बोलवावं लागे. पुढे पारावर त्याच्यासाठी खुर्ची मांडावी लागू लागली, आणि वऱ्हाडाच्याही आधी त्याला सरबत. एका लग्नात सरबताचा पेला आधी नवरदेवाच्या मामाला दिला गेला, तर चुडामण उठून घरी गेला. वरण-बट्टी थंड झाली, गंगाफळाच्या भाजीवर साय धरली, आणि गावचे मोठे मोठे लोक त्याच्या ओट्यावर उभे राहून विनवण्या करू लागले. मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "चुडामणभाऊ, पोरीच्या तोंडाकडे पाहा." चुडामणने आढ्याकडे पाहिलं.

लग्नात मुलीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. त्याला कानपिळ्या म्हणतात, आणि त्यालाही कपडे देतात. ते बघून आमच्याकडच्या बायकांनी चुडामणचं नाव ठेवलं गळपिळ्या. नळावर हंडे भरताना त्या म्हणत, "बाकीच्या गावाले नुसता कानपिळ्या असतो माय, असोद्याले गळपिळ्या वरतून." बेबाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करी. चुडामणच्या कानावर हे नाव गेलं तेव्हा तो खूश झाला. टिंगल आणि पदवी यातला फरक कळायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडे नव्हती.

शिकवायचं मात्र कोणाला नाही. भटू नावाचा एक शेतकरी, अंगाने दांडगा आणि तोंडाने मोकळा, एकदा सरळ म्हणाला, "भाऊ, मले शिकवा नं ही गाठ. तुमी आजारी पडले तं गावानं काय करावं?"

चुडामण म्हणाला, "भटू, तुले बैल तरी नीट बांधता येतो का? मंग मानूस बांधाची घाई कायले?"

लोक हसले. भटूही हसला. पण तो हे विसरला नाही.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. गावातल्या प्रत्येक जावयाने पारावर डोळे मिटून त्याच्यापुढे मान वाकवली. शिकलेले, नोकरीवाले, ट्रॅक्टरवाले, सगळे. चुडामणला हळूहळू वाटू लागलं की ही लग्नं आपल्याच हाताने लागतात, भटजी नुसता बडबडतो. बागेला पाणी जीवराम देई, केळीला टेकू जीवराम लावी, घड कापून गाडीत जीवराम भरी. लग्नसराई आली की चुडामण इस्त्रीचा पायजमा घालून निघे आणि भावाला सांगून जाई, "आज मले काम हाये."

त्याची मुलगी कुंदा मात्र बापावर गेली नव्हती. ती रोज बसने जळगावला कॉलेजात जायची, येताना काकासाठी कीटकनाशकाची बाटली आणायची, आणि बापाच्या खुर्चीवरून घरात काही बोलणं निघालं की ताट घेऊन उठायची. एक्याण्णव साली तिचं लग्न ठरलं. मुलगा डिगंबर, भुसावळजवळच्या गावचा, धुळ्याला औषध कंपनीत नोकरीला. डॉक्टरांकडे जायचं, औषधांची माहिती सांगायची. बघायला आला तोच टाय घालून.

चुडामणची नजर मुलाच्या तोंडावर गेलीच नाही. ती त्या गाठीवर खिळली. लहानशी, नीट, मुगाच्या शेंगेसारखी ताठ गाठ.

"कोन बांधून देतं?" त्याने विचारलं.

डिगंबर हसला. "मीच बांधतो, नाना. रोजचंच आहे."

"रोज?"

"रोज सकाळी बांधायचा, संध्याकाळी घरी आलं की सोडून टाकायचा."

"सोडून टाकता?" चुडामणने असं विचारलं, जसं काही मुलाने सांगितलं होतं की रोज संध्याकाळी मी देव विहिरीत टाकतो.

पाहुणे गेल्यावर बेबाबाई म्हणाली, "पोरगं चांगलं हाये. हसतं बी चांगलं." जीवराम म्हणाला, "हातावर घट्टे नाईत, पन नजर सरळ हाये." चुडामण म्हणाला, "पारावर टाय मी बांधीन."

बेबाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "तुमी? आहो, तुमी मुलीचे बाप. मुलीच्या बापानं जावयाचे पाय धुवा. नरड्याले हात लावू नये."

"साऱ्या गावच्या जावयाले म्या बांधला. आन माह्याच जावयाले नाई? गाव काय म्हनीन?"

"गाव काय म्हनीन ते नळावर येऊन ऐका एक डाव," बेबाबाई म्हणाली.

जीवरामनेही समजावलं, की दादा, आजच्या दिवशी मान घ्यायचा नसतो, द्यायचा असतो. पण चुडामणच्या डोक्यात एकच घोळत होतं. त्या पोराने पारावर सगळ्यांसमोर स्वतः टाय बांधला, तर इतकी वर्षं उभा केलेला मान एका क्षणात मातीला मिळेल. मुलगी चांगल्या घरी पडते की नाही, याची चिंता त्याने भावावर टाकली. स्वतःसाठी त्याने गाठीची चिंता ठेवली.

लग्न वैशाखात. आमच्याकडचा वैशाख म्हणजे कौलावर बट्टी ठेवली तर भाजून निघावी. वऱ्हाड आलं, नवरदेव पारावर गेला. चुडामणची खुर्ची त्याच्या सांगण्यावरून आधीच मांडलेली होती. तो मात्र मुद्दाम उशिरा निघाला. मानकऱ्याने वाट बघायला लावावी, हा त्याचा नेम.

तेवढ्यात पारावर व्हायचं ते होऊन गेलं. डिगंबरने कोट चढवला. त्याचा धुळ्याचा मित्र हिलाल बाजूला उभा राहून काहीतरी विनोद सांगत होता. डिगंबरने खोक्यातून टाय उचलला, कॉलर वर केली, आणि हिलालच्या तोंडाकडे बघत बघत, मध्येच हसत, आरसा नाही की आडोसा नाही, टाय बांधून कॉलर खाली केली. धोतराचा सोगा खोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही.

भटू म्हणाला, "झालं बी?"

"काय झालं?" डिगंबरने विचारलं.

"काई नाई. आमी आठ वर्स झाले, याच्यासाठी धोतर धरून उभे राहू राह्यलो."

चुडामण आला तेव्हा लोक तोंडावर उपरणी धरून हसत होते. त्याने नवरदेवाच्या गळ्याकडे पाहिलं. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तो वळला, आणि मांडवाकडे न जाता जीवरामच्या गोठ्यात जाऊन खाटेवर बसला. मुलीचा बाप रुसला होता.

आमच्या मुलखात जावई रुसतो. व्याही रुसतो, मामा रुसतो, नवरदेवाची आत्या तर घरून रुसूनच निघते. पण मुलीचा बाप रुसला, असं कोणाच्या आज्यानेही पाहिलं नव्हतं. बातमी मांडवात गेली तेव्हा आधी कोणाला खरं वाटेना. मग बेबाबाई धावत गोठ्यात आली.

"उठा. मुहूर्त जवळ आला."

"त्याले सोडाले सांग. मी बांधीन. मंगच येईन."

"आहो, पोरीचं लगन हाये!"

"मंग माहा मान कोनाचा हाये?"

जीवराम आला, हात जोडले. चुडामण गोठ्याच्या आढ्याकडे बघत राहिला. बाजूला बैल रवंथ करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जास्त समज होती. शेवटी मांडवातून कुंदाचा निरोप आला. जीवरामची बायको घेऊन आली. "कुंदा म्हने, आप्पाले बसायचं तठी बसू द्या. काका-काकूनं पाटावर बसा. लगन लावा."

हे ऐकून चुडामणचा चेहरा पहिल्यांदा पडला. पण उठला नाही. हट्टी माणसाची हीच गंमत. खाली पडतो, पण मांडी मोडत नाही.

निरोप मारुतीच्या पारावरही पोचला होता. डिगंबर घोड्यावर बसून सगळं ऐकत होता. त्याने घोडा मांडवाकडे न नेता गोठ्याकडे वळवायला लावला. पाठीमागे वाजंत्री, वऱ्हाड, गाव, आणि सगळ्यांच्या पुढे त्याची आई सुंदरबाई. उंच, काटक, तोंडाची तिखट बाई. डिगंबर खाली उतरला, टाय सोडला आणि खाटेपुढे धरला.

"घ्या नाना. सोडला. बांधा तुम्हीच."

चुडामण उठला. छाती पुढे आली, हात मागे गेले. "आडोसा धरा," तो म्हणाला.

"आडोसा कायले?" सुंदरबाई पुढे झाली. "माह्या लेकाले काय चोरून बांधता? जे करायचं ते माह्यासमोर करा."

"रीत हाये," चुडामण म्हणाला. "जावयानं डोये मिटायचे."

"मी नाही मिटत, नाना," डिगंबर म्हणाला. "रोज उघड्याच डोळ्यांनी बांधतो. मला बघायचंय."

आडोसा धरायला कोणी पुढे आलंच नाही. भटू तर हात पाठीमागे बांधून, पोट पुढे काढून उभा होता, अगदी चुडामणसारखा.

चुडामणने टाय जावयाच्या गळ्यात टाकला. आणि त्याची बोटं अडली. आरशात जे उजवीकडून येई ते इथे डावीकडे होतं. जे वर जायचं ते खाली जात होतं. त्याने एक वेढा दिला, काढला, दुसरा दिला. गाठ झाली, ती कडब्याच्या पेंढीला बांधतात तशी. सोडली. पुन्हा केली, आता टायचं जाड टोक डिगंबरच्या कानाखाली निघालं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. घोडा फुरफुरला. मांडवातून भटजीचा माणूस ओरडत आला, की वेळ टळते आहे.

"भाऊ," भटू मोठ्याने म्हणाला, "बैल बांधू राह्यले का मानूस?"

मग चुडामणने ते केलं, जे इतकी वर्षं धोतराच्या आड केलं होतं. टाय जावयाच्या गळ्यातून ओढून काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. मान वर केली, समोर आरसा असल्यासारखं हवेत बघितलं, आणि बोटं आपोआप चालू लागली. गाठ झाली. चांगली झाली. प्रत्येकजण मनात आपापल्या जावयाकडे जाऊन आला.

आधी हिलालला कळलं. तो बाहेरचा, त्याला भीड नव्हती. "आरे बाप रे! बठ्ठा जवाईसले तुम्हना उतारेल टाय शे का, नाना?" तो आपल्या अहिराणीत म्हणाला; साऱ्या जावयांना तुमच्याच गळ्यातून उतरवलेला टाय का?

छगन पुढे आला. त्याच्या थोरल्या जावयापासूनच तर हे सुरू झालं होतं. "म्हंजे चुडामण, माह्या मास्तरले तुह्या घामाचा टाय? आन म्या तुले नारय देल्ला? टावेल-टोपी देल्ली?"

हसण्याची लाट गोठ्यातून गल्लीत गेली आणि गल्लीतून मांडवात. चुडामणने घाईघाईने गाठ सैल केली आणि टाय डोक्यावरून काढू लागला, जावयाच्या डोक्यावर घालण्यासाठी. तो कानापर्यंत आला असेल-नसेल, सुंदरबाईने हात आडवा धरला.

"नाई. नवरदेवाच्या अंगाले कोरं लागतं. सासऱ्याच्या नरड्यातलं उतरेल माह्या लेकाच्या नरड्यात नाई जानार. ज्यानं घातलं त्यानंच मिरवा."

टाय परत खाली घसरला. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, भांडण मिटलं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. जीवरामने भावाला दंडाला धरलं आणि गर्दीतून मांडवात नेलं, आणि त्या लोटालोटीत गळ्यातलं काढायला चुडामणचा हात वर गेलाच नाही. किंवा गेला असता तरी काढून ठेवायचं कुठे, हे त्याला कळलं नसतं. रिकाम्या गळ्याने गावासमोर बसणं त्याला त्या टायपेक्षाही जड गेलं असतं.

असा तो पाटावर बसला. अंगात नेहरू शर्ट, खाली पायजमा, डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात लाल-निळ्या पट्ट्यांचा टाय. समोर जावई उघड्या कॉलरने, हवेशीर. भटजीने परात पुढे सरकवली. बेबाबाई तांब्यातून पाणी घालू लागली, आणि चुडामण जावयाचे पाय धुवायला वाकला. वाकला तसा टाय परातीत पडला. त्याने उचलून पाठीवर टाकला; तो पुन्हा पाण्यात घसरला. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबला. कुंदाने ओठ चावून खाली बघितलं. तिचे खांदे हलत होते, आणि रडण्याने हलत नव्हते.

मग डिगंबरने हात पुढे केला, टायचं ओलं टोक उचललं आणि मुठीत धरून ठेवलं. मनाने चांगला मुलगा. सासऱ्याचं कापड भिजू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पण दिसलं ते वेगळंच. सासरा खाली वाकून पाय धुतो आहे, आणि जावई दावं हातात धरून उभा आहे. फोटोवाल्याने नेमका तेव्हाच बटन दाबलं.

"आप्पा," कुंदा हळूच म्हणाली, "नीट धुवा. टाच राह्यली."

एखाद्याला वाटेल, यानंतर चुडामण सुधारला असेल, सकाळी उठून भावाबरोबर बागेत जाऊ लागला असेल. तसं व्हायला माणूस आतून थोडा तरी ओला असावा लागतो. तो काही दिवस घरात बसला. मग बाहेर पडला, हात मागे बांधून. कोणी हसून विचारलं, की भाऊ, त्या दिवशी तुमच्याच गळ्यात कसा राहिला, तर शांतपणे सांगू लागला, "मोठ्या लोकात मुलीचा बापच घालत असतो. दीपनगरले पाह्यलं म्या. तुमाले काय माहीत?"

आणि इथे चुडामणला हसणाऱ्यांची गोष्ट सुरू होते. पुढच्या वैशाखात छगनच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. ज्या छगनने घामाचा हिशेब मागितला होता, तोच सकाळी चुडामणच्या ओट्यावर आला, नारळ घेऊन. सोबत जळगावहून आणलेला नवा टाय होता.

"जावयाचं तो पाहीन," छगन म्हणाला. "तू माह्या नरड्यात बांध. मुलीचा बाप म्हनून बरं दिसत नाई बिनटायचं. व्याही मोठे लोक हायेत."

चुडामणने टाय सगळ्यांसमोर स्वतःच्या गळ्यात बांधला, काढला, आणि छगनच्या डोक्यावरून घातला. मुलीच्या बापाला कोरं लागत नाही, म्हणून कोणाची हरकत नव्हती. आडोशाचीही गरज उरली नाही. त्या उन्हाळ्यात गावातल्या आणखी काही पोरींचे बाप तसेच पाटावर बसले, नेहरू शर्टावर टाय घालून, आणि सगळ्यात आधी सरबत चुडामणला मिळालं. भटूने पोरीच्या लग्नात नको म्हटलं, तर त्याची बायकोच त्याच्यावर रुसली.

आता असोद्यात ती रीतच आहे. नवा जावई पाटावर उभा राहतो, सासरा परातीवर वाकतो, आणि टाय पाण्यात पडायच्या आत जावई हात पुढे करून त्याचं टोक मुठीत धरतो. का धरायचं, ते त्याला कोणी सांगत नाही. बाजूची एखादी म्हातारी नुसती म्हणते, "धर बाप्पा, धर, मान असतो तो," आणि तो धरतो.